एका कानाचा नावाडी

९ नोव्हेंबर

आज वेढा पडला. दरवर्षी याच तारखेला पडतो, आणि दरवर्षी माझी तयारी त्या दुर्दैवी शहरापेक्षा चांगली असते. पुढच्या खोलीतले इतिहासग्रंथ कालच पुसून झाले, नोंदींची कार्डे नव्या खोक्यात गेली, पेन्सिलींना टोके झाली.

न्याहारीच्या वेळी, त्या तारखेला वेढ्यात काय घडले ते सर्व साधनांतून ताडून सांगायचे, हा आमच्या घरचा शिरस्ता लग्नाइतकाच जुना आहे. सांगते मी, ऐकतात हे. हे दंतवैद्य होते. उभी हयात तोंड उघडून बसलेल्या, म्हणजेच उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसांशी बोलण्यात गेली. त्यामुळे घरी आल्यावर त्यांना गप्प बसणे मनापासून आवडते, असा माझा जुना निष्कर्ष आहे.

"आज काय झालं तिकडे?" पावाला लोणी लावत त्यांनी विचारले.

"शत्रूचं सैन्य पैलतीरावर उतरलं. दुपारपर्यंत उत्तरेचा रस्ता बंद. शहरात पीठ किती शिल्लक होतं यावर तीन मतं आहेत, त्यातली दोन चूक."

"बिच्चारी."

"कोण? शहरातली माणसं?"

"नाही गं, ती दोन मतं."

यंदा दैनंदिनी लिहायला घेतली, कारण यंदा साधनसूची पुरी करायचीच आहे. त्या युद्धावर, विशेषतः त्या वेढ्यावर, जे जे छापले गेले त्या सगळ्याची यादी, प्रत्येकावर माझ्या शेऱ्यासह. पहिल्या खंडात इतिहास, आठवणी आणि पत्रव्यवहार. दुसऱ्या खंडात, नाइलाजाने, कादंबऱ्या. वेढा उठेपर्यंत हे काम हातावेगळे झाले पाहिजे.

१६ नोव्हेंबर

मागच्या खोलीत गेले. कादंबऱ्या तिथे राहतात. खिडकीच्या काचा निळसर आहेत, आणि दुपारी उन्हे त्या बाजूला वळली की खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसते. पुस्तकांचे कणे त्या उजेडात हलके हलतात असा भास होतो. मी अशा भासांना फारसे उत्तेजन देत नाही.

या कादंबऱ्या मी गोळा केल्या, वाचल्या नाहीत. अपुरा संग्रह मला सहन होत नाही. पण ज्याने वेढ्यात एक दिवस काढला नाही आणि एक दफ्तर चाळले नाही अशा माणसाने तिथल्या हवेला कसला वास होता हे मला सांगावे, हेही सहन होत नाही. कादंबरी घरात आली की मी तिचे पहिले पान वाचते, शेवटचे वाचते, मधली पाने शाबूत आहेत ना हे कोपऱ्यातल्या आकड्यांवरून तपासते, आणि कपाट बंद करते.

आज एका गोष्टीने समाधान वाटले. त्या कपाटांवर धुळीचा कण नव्हता. कामाच्या बाईंचे मी मोजक्या शब्दांत कौतुक केले. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. स्तुतीची सवय नसलेली माणसे अशीच बघतात.

२४ नोव्हेंबर

धुके. समोरच्या इमारतीचे फक्त वरचे दोन मजले दिसत होते, तेही हवेत टांगल्यासारखे. वेढ्यातही या तारखेला धुके होते. अशा सकाळी आपला रस्ता आणि तो रस्ता यांत फरक करण्याचे काम डोळे करत नाहीत, ते मनाला करावे लागते.

"आज पिठाचा वाटा निम्म्यावर आला," मी सांगितले.

"आणि मीठ?"

"मिठाबद्दल नोंद नाही."

"मीठ तो नावाडी आणायचा ना. एका कानाचा. वल्ह्यांना चिंध्या गुंडाळून यायचा, आवाज होऊ नये म्हणून."

"कोण नावाडी?"

हे थबकले. "असेल कोणीतरी," म्हणाले, आणि बिनसाखरेचा चहा चमच्याने ढवळत बसले.

मी दिवसभर सगळी साधने पुन्हा पाहिली. नावाडी कुठेही नाही. असणे शक्यही नाही, कारण शहरातल्या झाडून सगळ्या नावा पहिल्याच आठवड्यात जाळल्या गेल्या. मग यांना तो भेटला कुठे?

२ डिसेंबर

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. त्यांची संपूर्ण कवळी यांनीच बसवलेली. त्यांनी हसून नमस्कार केला. हे क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तोंड उघडा, म्हणजे ओळखतो." बाई पोट धरून हसल्या. माणूस निवृत्त झाला तरी विनोदाला धार आहे.

न्हाव्याकडून यायला मात्र यांना दुपार झाली. बुटांना चिखल होता. आमच्या रस्त्याला कुठेही चिखल नाही. तो न्हावी अतिशय गप्पिष्ट आहे. मी दोष त्याला देते.

९ डिसेंबर

आज पुन्हा तेच, आणि जास्त गंभीर.

मी सांगत होते की याच तारखेला शत्रूने शरणागतीसाठी दुपारी बारापर्यंतची मुदत दिली आणि शहराने ती धुडकावली. हे शांतपणे म्हणाले, "धुडकावली कुठे? बारा वाजलेच नाहीत. मनोऱ्यातली ती म्हातारी घड्याळाचा काटा सारखा मागे करत राहिली. दोन्ही सैन्यं बघताहेत, बारा वाजायचं नाव नाही." आणि हसले. इतके गोड हसले की माझ्या पाचावर धारण बसली.

घड्याळाचा मनोरा होता. त्यात म्हातारी नव्हती. असती तर माझ्याकडे तिचे कार्ड असते.

लेकीला फोन केला.

"आई, मी तुला सांगणारच होते," ती म्हणाली. "बाबांनी परवा एकाच फोनवर मला तीनदा विचारलं, मी कधी येणार म्हणून."

"तू मोघम सांगितलं असशील."

"रविवारी म्हटलं मी. यात मोघम काय आहे?"

"कोणत्या रविवारी?"

"आई!"

तिच्या या प्रश्नोत्तरांना मी फारसे महत्त्व देत नाही. म्हातारपणी कोणीही एखादी गोष्ट दोनदा विचारतो, आणि ती लहानपणापासून पुटपुटत बोलते. मला काळजी आहे ती नावाड्याची आणि त्या घड्याळवाल्या म्हातारीची. जी माणसे कधी नव्हतीच, ती यांना दिसू लागली आहेत. या जोडप्याच्या मागून आणखी कोण कोण येणार, आणि त्या गर्दीत मी मागे मागे जात एक दिवस दारापाशी पोचणार, एवढेच आज दिवसभर मनात आहे. मी ते इथे स्पष्ट लिहिते, कारण उद्या मी ते नाकारीन.

१५ डिसेंबर

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने लहान आहेत, पण वाक्य पुरे करतात. हे मला आवडले.

"आज तारीख काय, काका?"

"पंधरा डिसेंबर. आज उत्तरेच्या बुरुजाला खिंडार पडलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "ते बरोबर आहे," मी म्हणाले. "खिंडार आजच पडलं. पहाटे."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. मग घड्याळ काढायला सांगितले, अकरा वाजून दहा मिनिटांचे. यांनी सुबक वर्तुळ काढले, आकडे दाढांसारखे नीट बसवले, आणि काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवले.

"अकरा म्हटलं होतं मी."

"हो, पण ती मागे करते ना," हे म्हणाले.

बारा जानेवारीला मोठी तपासणी आणि मेंदूचे चित्र काढायचे ठरले. परतताना रस्त्यात यांनी माझ्या कोपराला धरले होते. आम्ही रस्त्यात असे चालत नाही.

२८ डिसेंबर

आज जे घडले ते क्रमाने लिहिते.

जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराचा सकाळी निरोप आला होता. दुकानात पाय ठेवताच तो ओरडला, "या, प्राध्यापकबाई! तुमच्यासाठी आणखी एक वेढा आलाय. तिकडचा वेढा शंभर वर्षांपूर्वी उठला, पण तुमची खरेदी काही उठत नाही."

"पुस्तक दाखवा. विनोदाची किंमत मी देत नाही."

कादंबरी होती. माझ्याकडे ती आहे, पण ही पहिली आवृत्ती. बांधणी करणाऱ्या कोणा गाढवाने पाने इतकी कापली होती की कोपऱ्यातले आकडे पार उडाले होते. आता पाने शाबूत आहेत की नाहीत हे कळणार कसे? एकच मार्ग होता. प्रत्येक पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ वाचायची, सांधा जुळतो का पाहायचे. दुकानदाराने स्टूल दिले. मी खिडकीपाशी बसले आणि सांधे तपासू लागले.

पुस्तकाच्या मध्यावर एक पान असे संपत होते: 'वल्ह्यांना गुंडाळलेल्या चिंध्या ओल्या झाल्या होत्या आणि मिठाच्या पोत्यावर'. पुढच्या पानाची सुरुवात अशी: 'डोके टेकून तो आपला उरलेला कान पाण्याकडे लावून पडला.'

सांधा जुळला होता. मी मात्र तिथेच बसून राहिले. बाहेर माणसे येत-जात होती, दुकानदार कोणाशी तरी घासाघीस करत होता, आणि माझ्या मांडीवर तो नावाडी, जिवंत, ओला, डोळे मिटून पडला होता. यांना वेड लागले नव्हते. हे कादंबऱ्या वाचत होते!

"बाई, पानं कमी आहेत का?" दुकानदाराने विचारले. "तुमच्या डोळ्यांत पाणी आलंय."

"धूळ आहे तुमच्या दुकानात. बांधून द्या."

घरी आले, थेट मागच्या खोलीत गेले. कपाटाच्या किल्लीची कडी वापराने चकचकीत झाली होती. घड्याळवाल्या म्हातारीला शोधायला वेळ लागला नाही, तिच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच मनोरा आहे.

संध्याकाळी हे खुर्चीत बसले होते. मी उभी राहून विचारले, "नावाड्याचा कान गेला कसा?"

हे शाळेतल्या मुलासारखे लाल झाले. "तू वाचलीस?"

"पानं तपासली. कधीपासून चाललंय हे?"

"तू दुपारी ग्रंथालयात जातेस ना, तेव्हा. पुसून ठेवतो गं मी परत."

"मला विचारायचं होतं!"

"तुला? तू पान क्रमांक मागितला असतास." मग म्हणाले, "तू सांगतेस त्यात सगळे मरतात, किंवा सह्या करतात. कोणी जेवत नाही, कोणाची दाढ दुखत नाही. मला बघायचं होतं, ती माणसं दिवसभर करतात तरी काय."

मी काय उत्तर दिले ते लिहीत नाही. ते विद्वत्तेचे नव्हते.

३ जानेवारी

डॉक्टरीणबाईंची तपासणी रद्द केली. फोनवरच्या मुलीला स्वच्छ शब्दांत सांगितले की रुग्णाला काही झालेले नाही, चूक होती ती निदान करून आणणारीची.

लेक चिडली. "आई, एकदा करून तर घ्या. काय बिघडतं?"

"कादंबरी वाचणं हा आजार नाही. फार तर व्यसन म्हण."

"मी नावाड्याचं नाही म्हणत. बाबा त्या दिवशी मला आत्याच्या नावाने हाक मारत होते."

"तुझा आवाज आत्यासारखाच आहे. चढा."

तिने फोन ठेवला. मोठी सुतकी मुलगी आहे. आनंदाची बातमी सांगावी तर हिच्या घरी दिवा विझतो.

१८ जानेवारी

किती दिवस लिहिले नाही! कारण लाजिरवाणे आहे. मी वाचत होते.

दुपारी आम्ही दोघे मागच्या खोलीत बसतो. निळा उजेड पायांपासून वर चढत येतो, गुडघ्यांपर्यंत, मग मांडीवरच्या पुस्तकापर्यंत. एक पान हे वाचतात, एक मी. त्या शहरात मी उभे आयुष्य राहिले असे समजत होते. प्रत्यक्षात मी त्याच्या भिंतीबाहेर, शत्रूच्या छावणीत, दुर्बीण लावून बसले होते. आता कोणीतरी दिंडी दरवाजा उघडला आहे. आत बर्फ आहे, ओल्या लोकरीचा वास आहे, एक मुलगी खिडकीच्या काचेवर बोटाने दारे काढते आहे. याचा पुरावा काय, असे विचारायला तोंड उघडते, तोवर ती मुलगी दार उघडून निघून गेलेली असते.

लेखक अर्थात अनेक ठिकाणी चुकतात. तोफांचा पल्ला तर एकालाही धड ठाऊक नाही. मी समासात पेन्सिलीने दुरुस्त करते आणि पुढे वाचते.

२ फेब्रुवारी

नावाड्याचे प्रकरण यांनी आज पुन्हा वाचायला घेतले. त्याच जागी थांबले, त्याच ओळीला हसले, आणि मला म्हणाले, "हे ऐक, हे तू ऐकलं नाहीस." मी ऐकले. पुनर्वाचन ही सुसंस्कृत वाचकाची खूण आहे. माझे कितीतरी विद्यार्थी ती न कमावताच पदवी घेऊन गेले.

साधनसूचीचा दुसरा खंड आता पहिल्याहून मोठा होणार.

१९ फेब्रुवारी

आज यांनी मला एक नवीन माणूस दिला.

पाऊस नाही, ऊन नाही, अशी दुधट दुपार होती. वाचता वाचता माझा डोळा लागला असावा. जागी झाले तेव्हा हे खिडकीकडे बघत बोलत होते, जणू मी सगळा वेळ ऐकतच होते.

"...तर तिला पांढरं काही बाहेर वाळत घालायची बंदी होती. तटावर पांढरी चादर दिसली की शत्रू म्हणणार, शरण आले. मग ती धोबीण चादरी आत वाळवायची. धर्मशाळेत, शाळेत, सगळ्या जिन्यांत. गावभर दोऱ्या. माणसं ओल्या चादरी बाजूला सारत एकमेकांकडे जायची. कोण आलंय ते चादरीआडून पायांवरूनच ओळखायचं."

अंगावर काटा आला म्हणून मी उठून बसले. वेढ्यावर इतके सुंदर काही मी ऐकले नव्हते.

"कोणत्या पुस्तकात आहे हे?"

"त्याच्यातच," हे म्हणाले.

"कशाच्यात?"

त्यांनी हातानेच खोलीभर खूण केली.

२७ फेब्रुवारी

धोबीण सापडत नाही. कपाटातली प्रत्येक कादंबरी मी पानागणिक पाहिली, या वेळी खरोखर वाचून. नावाडी दोन ठिकाणी आहे, घड्याळवाली एका ठिकाणी, चादर एकही नाही.

निष्कर्ष एकच निघतो. असे एक पुस्तक आहे जे यांनी वाचले आहे आणि माझ्याकडे नाही. ग्रंथालयात? दवाखान्यात एखादा रुग्ण विसरून गेला होता? गेली इतकी वर्षे मी डोळ्यांत तेल घालून जमवलेल्या संग्रहाला भोक आहे, आणि ते भोक माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आहेत, हे कबूल करते.

"आठवून बघा ना, जाड होतं की बारीक?"

"काय?"

"पुस्तक."

"कोणतं पुस्तक?" हे म्हणाले, अगदी निरागसपणे. कधीकधी हा माणूस मुद्दाम माझा अंत पाहतो.

६ मार्च

दुकानदाराला धोबिणीची सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता त्याचा हात पुडक्याच्या सुतळीवर थांबला.

"नाही बाई. अशी बाई माझ्या हातून गेलेल्या कुठल्याच पुस्तकात नाही. असती तर मी ते पुस्तक विकलंच नसतं, घरी नेलं असतं."

"तुम्ही सगळी पुस्तकं वाचता की काय?"

"छे! पण अशी गोष्ट लपून राहत नाही. गिऱ्हाईक सांगतं." मग जरा दबकत म्हणाला, "सर बरे आहेत ना? परवा इथे आले होते. बराच वेळ उभे होते दारात. मी म्हटलं, काय देऊ? तर म्हणाले, नंबर लावलाय, बसतो."

दुकानदार फार पाल्हाळ लावतो. मी आणखी तीन शहरांतल्या दुकानांना पत्रे पाठवली आहेत.

११ मार्च

दुपारी मागच्या खोलीत. उजेड गुडघ्यांपर्यंत आलेला.

मी शेवटचा प्रयत्न करायचा ठरवला होता. पुस्तकाचे नाव विचारून उपयोग होत नाही, तेव्हा आतून विचारावे, प्रसंगातून प्रसंगाकडे जावे, म्हणजे कुठेतरी लेखकाची खूण सापडेल. साक्षीदाराची उलटतपासणी अशीच करतात.

"त्या धोबिणीकडे साबण कुठून यायचा?"

"राखेचा करायची. हात सोलून निघायचे तिचे."

"दिसायला कशी होती?"

"उंच. वरचा डावा सुळा पडलेला. मी म्हटलं होतं तिला, ये, बसवून देतो. पण तिला वेळ कुठे."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"तुम्ही म्हणालात?"

"अगं, माझे एप्रन तीच धुवायची. पांढरे ना ते. तिची केवढी पंचाईत व्हायची माझ्यामुळे." आणि मग माझ्याकडे वळून, काळजीने, एखाद्या परक्या बाईशी बोलावे तशा अदबीने म्हणाले, "तुम्ही आत कशा आलात? रस्ते तर बंद आहेत."

मी म्हणाले, "तुमच्यासाठीच आले."

"बरं केलंत," हे म्हणाले.

उजेड पुस्तकापर्यंत चढला, मग खांद्यापर्यंत, मग गेला. कामाच्या बाई चहा घेऊन आल्या तेव्हा यांनी मला नेहमीसारखे "अगं" म्हणून विचारले की बिस्किटे संपली का.

१२ मार्च

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्याच मुलीने उचलला. मी माझे नाव सांगितले, आणि सांगितले की जानेवारीत मी जे बोलले ते चूक होते. मग लेकीला फोन केला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले. ती म्हणाली, "मी येते, आई." कोणत्या दिवशी, हे मी विचारले नाही.

बुटांचा चिखल, जिन्यातल्या बाई, तीनदा विचारलेला प्रश्न, आत्याचे नाव, दोनदा वाचलेले प्रकरण. सगळे याच दैनंदिनीत माझ्याच अक्षरात, तारखेसह आहे. यातले एक जरी वेढ्याच्या काळातल्या कोणाच्या रोजनिशीत सापडले असते, तर मी त्यावर प्रकरण लिहिले असते.

पत्रे पाठवलेल्या तिन्ही दुकानांना शोध थांबवायला कळवले.

२१ मार्च

लेक परवा आली. आज आम्ही तिघे गेलो. मेंदूचे चित्र सकाळीच काढून झाले होते. डॉक्टरीणबाईंनी ते उजेडात धरून मला दाखवले आणि कुठे काय आटत चालले आहे ते पेनने दाखवत, एकही वाक्य अर्धे न सोडता सांगितले. मी प्रश्न विचारले. उत्तरे लिहून घेतली. औषधाने वेग कमी होईल, दिशा बदलणार नाही.

मग त्या यांच्याकडे वळल्या. "काका, आज तारीख काय?"

"एकवीस मार्च," हे म्हणाले, आणि पाठोपाठ वेढ्याचे साल सांगितले.

डॉक्टरीणबाईंचे पेन कागदाकडे निघाले. माझ्याच्याने राहवले नाही. "दिवस आणि महिना बरोबर आहे," मी म्हणाले. "अर्धे गुण द्या."

त्या हसल्या. लेक माझ्याकडे बघून हसली आणि लगेच खिडकीकडे वळली.

"आणि आपण आत्ता कुठे आहोत?"

यांनी खोलीभर नजर फिरवली. पांढऱ्या भिंती, पांढरा पडदा, दारामागे टांगलेला पांढरा कोट. "आत," हे म्हणाले.

बाहेर आलो तेव्हा लेक गाडी आणायला पुढे गेली होती. आम्हाला फक्त रस्ता ओलांडायचा होता. रहदारी वाहत होती. हे पदपथाच्या कडेला थांबले, एक पाऊल पुढे टाकले, मागे घेतले. समोरच्या बाजूकडे असे बघत राहिले की मीही बघितले. वेढ्यात आजच्याच तारखेला, सकाळी, शहरातल्या लोकांनी नदीवरचा एकमेव पूल आपल्याच हातांनी उडवून दिला होता. याबद्दल माझ्या पुढच्या खोलीतल्या एकाही पुस्तकात दुमत नाही. मागच्या खोलीतल्यांतही नाही. आज न्याहारीला मी तो भाग वगळला होता.

"अगं," हे हळूच म्हणाले, "पूल आहे ना अजून?"

"आहे," मी म्हणाले.

"नक्की?"

"मी पाहिलाय. चला."

यांनी माझे कोपर धरले आणि आम्ही पलीकडे गेलो.